‘अलाऊ’च्या पोटातली माया

पालकहो, आज तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे शब्दांवर बोलायचं म्हटलं की माझा पाय निघत नाही. पण आजचा शब्द मुलांपेक्षा आपल्या कामाचा आहे. शब्द आहे ‘अलाऊ’.

हॉटेलच्या दारावर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ अलाऊड नाहीत’. शाळेच्या डायरीत ‘मोबाइल अलाऊड नाही’. सोसायटीच्या बागेत ‘क्रिकेट अलाऊड नाही’. आणि पाहुण्यांसमोर थोड्या अभिमानानं, ‘आमच्याकडे जेवताना टीव्ही अलाऊड नाही हं’. लक्षात येतंय का? हे क्रियापद आपण बोलतो ते बहुतेक नकाराला जोडूनच. होकार द्यायचा असला की आपली जीभ मराठीवर येते: जा, घे, चालेल, बघ बाई तुझं तू. नाही म्हणायचं असलं की इंग्रजीचा पडदा लागतो, कारण ‘अलाऊड नाही’ या वाक्यात नाही म्हणणारं माणूसच दिसत नाही. कोणी बंदी घातली? का घातली? पत्ता नाही. पावसासारखी ती वरूनच पडलेली असते.

पाचवी-सहावीतलं मूल कधीतरी विचारतं, अलाऊ म्हणजे काय? आपण सांगतो, ‘परवानगी देणे’. परीक्षेपुरतं उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतील. जमलंच तर त्याच वेळी उच्चाराची एक गंमत दाखवून ठेवा. यलो, फेलो, पिलो, फॉलो, स्वॉलो या सगळ्यांचा शेवट ‘लो’ होतो, आणि त्याच अक्षरांनी संपणारा हा एकटा ‘लाऊ’ म्हणतो. वाचनाची सवय नसलेली मुलं हमखास ‘ॲलो’ म्हणतात. हसू नका. नियम मूल नीटच लावतंय, भाषाच आडमुठी आहे. इतर शब्दांत जोर पहिल्या अवयवावर पडतो, इथे दुसऱ्यावर, एवढंच सांगितलं तरी पुरतं.

खरी मजा शब्दाच्या मुळाशी आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या तिथल्या दरबारात नि न्यायालयात फ्रेंच चालली. आपल्याकडे फारसीचं जे झालं तेच. अर्ज, हुकूम, मंजुरी, परवानगी हे आपले सगळे कचेरीतले शब्द त्याच वाटेनं आले आणि इतके मुरले की परके वाटत नाहीत. इंग्रजीत ‘अलाऊ’ असाच फ्रेंचांच्या मागून आला. जुन्या फ्रेंचमधलं त्याचं रूप होतं ‘अलुए’च्या जवळपासचं, आणि त्या एका रूपात दोन निरनिराळे लॅटिन शब्द येऊन मिसळले होते. एक होता ‘आल्लाउदारे’, म्हणजे वाखाणणे, स्तुती करणे. दुसरा ‘आल्लोकारे’, म्हणजे जागा नेमून देणे, वाटा काढून ठेवणे. बोलता बोलता दोन्हींचे कंगोरे झिजले आणि उच्चार एकसारखा झाला. आता जे एकसारखं ऐकू येतं त्याचे अर्थही लोक एकात एक मिसळतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना ‘लॉड’ आणि ‘ॲलोकेट’ हे शब्द भेटतील, ते याच दोन घराण्यांतले.

तेराशे सालाच्या सुमारास इंग्रजीत हा शब्द दिसू लागतो तेव्हा त्याचा अर्थ आजच्यासारखा ‘आडकाठी न करणे’ एवढा कोरडा नव्हता. वाखाणणे, पसंत करणे, मान्य करणे असा तो होता. परवानगीचा अर्थ मागाहून चिकटला. 1611 साली राजा जेम्सच्या काळात छापलेल्या इंग्रजी बायबलातसुद्धा हा शब्द ‘पसंत करणे’ या जुन्या अर्थानं आलेला आहे. आजचा वाचक तिथे परवानगी असा अर्थ लावून गोंधळतो. म्हणजे एखाद्या गोष्टीला ‘अलाऊ’ करणारा माणूस ती गोष्ट मनापासून पसंत करत होता, किंवा तिच्यासाठी जागा काढून देत होता.

इथे मला आपल्या घरातले होकार आठवतात. मराठीत एका ‘जा’ची किती रूपं आहेत पाहा. ‘जा!’ ‘जा की.’ ‘बरं, जा.’ ‘जा म्हटलं ना एकदा.’ ‘जा, कर काय करायचं ते.’ व्याकरणाच्या पुस्तकात ही सगळी आज्ञार्थाची रूपं, सगळ्यांत परवानगीच. पण शेवटचं वाक्य ऐकून कोणतं मूल आनंदानं चपला घालून बाहेर पडलंय? त्याला पक्कं ठाऊक असतं की ही परवानगी नाही, हा रुसवा आहे आणि संध्याकाळी त्याचा हिशेब व्हायचा आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुलगी गेली, पण आईचा चेहरा बरोबर घेऊन गेली. मला तर वाटतं, अशा होकारापेक्षा स्वच्छ नकार परवडतो. नकारावर मूल भांडतं, रडतं आणि तासाभरात विसरतं. कुरकुरत दिलेला होकार त्याच्या मनात रेंगाळतो, आणि पुढच्या वेळी ते विचारण्याऐवजी न सांगता जाणं पसंत करतं.

दुसरा अर्थ, वाटा काढून देण्याचा. तो आज ‘अलाउन्स’मध्ये जिवंत आहे. नोकरदारांना हे सांगायला नको. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता हे सगळे अलाउन्सच; पगारपत्रकात डी.ए.चा आकडा पाहिल्याशिवाय आपण पुढे सरकत नाही. अमेरिकेत मुलांच्या खाऊच्या पैशांनाही अलाउन्स म्हणतात. जुन्या काळी इंग्लंडात जमीनदाराचा कारभारी वर्षाचा हिशेब मांडायचा आणि तपासनीस एकेक खर्च ‘अलाऊ’ करायचे, म्हणजे मान्य करून वजावट द्यायचे. आपल्या आयकर खात्याच्या बोलीत ते अजून तस्सं आहे. ‘साहेबांनी तो खर्च डिसअलाऊ केला,’ असं म्हणताना कर सल्लागाराचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

खाऊच्या पैशांबाबत आपण वाटा देणारे असतो की तपासनीस, हे ज्याचं त्यानं पाहावं. महिन्याचे दोनशे रुपये मुलाला दिले आणि मग ‘पुन्हा चिप्स? पुन्हा स्टिकर्स?’ सुरू झालं, तर ते पैसे दिलेच नाहीत असं समजा. फक्त आपल्या खिशातून त्याच्या खिशात ठेवायला दिले. नेमून दिलेला वाटा ज्याचा त्याचा. तो पहिल्या चार दिवसांत उडवला तर उरलेले दिवस कोरडे काढायचे, हा त्यातला धडा आहे आणि तो दोनशे रुपयांत स्वस्त पडतो. एवढंच करा, की मधेच दया येऊन वर पन्नास देऊ नका. आजोबांनाही सांगून ठेवा. तिथेच गळती असते.

आता या शब्दाचा घरगुती भाऊ, ‘लेट’. शाळेत आम्ही बजावतो की ‘अलाऊ’नंतर ‘टू’ येतो आणि ‘लेट’नंतर येत नाही, तरी मुलं ‘लेट मी टू गो’ लिहितातच. ‘लेट’ हा फ्रेंचांच्या आधीपासूनचा, अस्सल देशी इंग्रजी शब्द. त्याचा मूळ अर्थ सोडणे, मागे ठेवणे. पुण्या-मुंबईत इमारतींवर ‘टु-लेट’च्या पाट्या लागतात, त्यातही हाच: जागा सोडली आहे, भाड्यानं घ्या. इंग्रज आई मुलाला ‘लेट’नं सोडते, कचेरी ‘परमिट’नं. आपण मराठीत सोडतही नाही, आपण ‘देतो’: जाऊ दे, खेळू दे, झोपू दे गं त्याला जरा. आमच्या व्याकरणात परवानगी म्हणजे दानच की! अर्थात यावरून आपण इंग्रजांपेक्षा उदार ठरत नाही; ‘जाऊ दे’ आपण कंटाळूनही म्हणतो.

पण ‘लेट’चं खरं आश्चर्य तुमच्या कपाटात आहे. पासपोर्ट काढा आणि आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावानं छापलेली विनंती वाचा. या पासपोर्टधारकाला मोकळेपणानं जाऊ द्यावं, असं तिथे म्हटलंय. आणि ‘जाऊ द्यावं’साठी शब्द आहे आपला ‘अलाऊ’. त्याच वाक्यात पुढे ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ येतं, म्हणजे कोणतीही आडकाठी वा अडथळा न करता. इथला ‘लेट’ म्हणजे अडथळा! जुन्या इंग्रजीत दोन जवळचे शब्द होते, एक सोडणे अर्थाचा, दुसरा अडवणे अर्थाचा. दुसऱ्याचं नातं उशीर या अर्थाच्या ‘लेट’शी, एखाद्याला उशीर करायला लावणं म्हणजे त्याला अडवणं. उच्चार एक झाले आणि एकाच शब्दात सोडणं नि रोखणं दोन्ही येऊन बसलं. शेक्सपियरच्या हॅम्लेटच्या तोंडीही तो रोखणे या अर्थानं आहे. आज तो अर्थ मावळला, पण पासपोर्टात राहिला, आणि टेनिस-बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात राहिला. सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून योग्य चौकटीत पडला की टेनिसचा पंच ‘लेट’ म्हणतो आणि सर्व्हिस पुन्हा करायला लावतो. तुमचं मूल खेळाच्या शिबिराला जात असेल तर त्याला विचारा, हा ‘लेट’ म्हणजे काय. बहुतेक मुलं ‘उशीर’ म्हणतात, आणि तेही अगदीच चूक नाही.

‘परमिट’ हा लॅटिनचा, ‘मधून जाऊ देणे’ अर्थाचा. त्याची आपल्या महाराष्ट्रातली कारकीर्द वेगळीच आहे. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारू पिण्यासाठी परमिट लागू लागलं आणि त्यातून रस्तोरस्ती ‘परमिट रूम’च्या पाट्या लागल्या. पहिलीतलं मूल रिक्षातून जाताना मोठ्यांदा पाट्या वाचतं आणि विचारतं, ‘आई, परमिट रूममध्ये काय असतं?’ रिक्षावाला आरशातून बघतो. त्याला स्वतःलाही परमिट लागतं, हे त्या वेळी सांगून टाकलं की विषय सुरक्षित मार्गाला लागतो. उद्योगधंद्यांना पावलोपावली सरकारी परवाने लागायचे, त्या कारभाराला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी ‘लायसन्स-परमिट राज’ म्हटलं होतं. काही घरांतही ते चालू असतं: फ्रिज उघडायला विचारा, पंखा लावायला विचारा, खिडकीत उभं राहायला विचारा. जिथे प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो तिथे चोरवाटा पडतात. देशात पडल्या, घरात पडणार नाहीत?

या घराण्यातला मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे ‘लीव्ह’, रजा या अर्थाचा. तो जुन्या इंग्रजीत ‘परवानगी’ या अर्थाचाच होता, आणि त्याचं मूळ ‘लव्ह’ नि ‘बिलीव्ह’ यांच्याच मुळाशी जातं. म्हणजे एखाद्याला आवडेल, रुचेल ते करायची मोकळीक. त्याच मुळाची संस्कृतातली फांदी म्हणजे ‘लोभ’. पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो तो. आपली ‘रजा’ अरबीतून फारसीमार्गे आली, तिचा मूळ अर्थ संतोष, संमती. ‘राजी’ तिचाच सख्खा. म्हणजे इंग्रजी नि मराठी या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता परवानगी, सुट्टी आणि मनाची खुशी एकाच शब्दात बांधली. जुन्या वळणाची माणसं निघताना ‘रजा घेतो’ म्हणत. आपण अजून ‘येऊ का?’ म्हणतो आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, ‘ये’. जायची परवानगी ‘ये’ या शब्दानं देणारी आपली भाषा आहे. दार उघडतानाच परतीची वाट त्यात सांगून ठेवलेली असते. वसतिगृहाला निघालेल्या मुलाला आपण कधी ‘जा’ म्हणत नाही. त्याला उशिरापर्यंत बाहेर राहण्याबद्दल जे सांगायचं असतं ते त्या ‘ये’मध्ये येऊन गेलेलं असतं, फक्त आपण नंतर फोनवर पुन्हा पुन्हा सांगतो ते वेगळं.

एक सावधगिरीची सूचना करते. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. ‘अलाऊ’मध्ये सातशे वर्षांपूर्वी कौतुक होतं म्हणून हॉटेलच्या पाटीत ते शोधू नये, आणि मुलांनी ‘अलाऊ म्हणजे वाखाणणे’ असं परीक्षेत लिहिलं तर मी मार्क देणार नाही. जुना अर्थ आपल्याला फक्त एवढं दाखवतो, की परवानगी या गोष्टीकडे माणसांनी किती वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं आहे.

आणि एक बाजू आजही वापरात आहे, जी आपल्या फार कामाची. ‘अलाऊ फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी आधीच जागा सोडून ठेवणे. स्टेशनला जायला अर्धा तास लागतो, पण ट्रॅफिकसाठी वीस मिनिटं ‘अलाऊ’ करायची. शिवणकामात शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला इंग्रजीत ‘सीम अलाउन्स’ म्हणतात. त्याला आपल्याकडे शिवणारे काय म्हणतात, आठवतं? माया. ‘मुलगी वाढत्या अंगाची आहे, माया जरा जास्त ठेवा,’ असं आपल्या आया शिंप्याला सांगत. जूनमध्ये शिवलेला गणवेश जानेवारीत आखूड झाला की आतली शिलाई उसवायची आणि तोच फ्रॉक पुढचं वर्ष काढायचा. ती माया बाहेरून दिसत नाही, अंगाला टोचत नाही, पण ठेवलेलीच नसेल तर ऐन वेळी उसवायला काही उरत नाही.

घरातल्या नियमांना अशी माया ठेवता येते. ‘आठला घरी’ हा नियम असू द्या, पण बस चुकली, मैत्रिणीला सोडायला गेली, क्लास लांबला, यांसाठी पंधरा मिनिटं मनात धरून ठेवा. आठ वाजून तीन मिनिटांनी फोन करू नका. सातवीतल्या मुलाला दिलेला अर्धा तासाचा स्क्रीन दहावीत पुरणार नाही, हे त्याच्या आधी आपल्याला कळलेलं असावं. आपण काय करतो, नियम एकदा अंगाबरोबर बेतून शिवतो आणि मूल वाढलं की मुलावरच चिडतो. उलट काही घरांत मायाच इतकी, की कपड्याला आकारच नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ‘तुला हवं तेव्हा झोप’ म्हणणं ही मोकळीक नव्हे. निर्णय घ्यायचा आपला कंटाळा आहे.

नकाराबद्दल थोडं. ‘बाबांना विचार’ आणि ‘आईला चालणार नाही’ हे दोन्ही ‘अलाऊड नाही’चेच भाऊबंद, नाही म्हणणारा दुसऱ्याच्या आड उभा राहतो. मुलांना हे फार लवकर कळतं, आणि मग ती आईबाबांमधली फट शोधतात. ‘मी नाही म्हणतेय’ असं म्हणून बघा. वाक्यात कर्ता आला की कारण द्यावंच लागतं, आणि कारण देता देता कधी कधी आपल्याच लक्षात येतं की कारण काही नव्हतं, फक्त सवय होती. शाळेत आम्ही मुलांकडून ‘मे आय कम इन’ घोटून घेतो. ‘कॅन आय’ म्हणाला तर दारातूनच परत पाठवणारे शिक्षकही आहेत. वास्तविक ‘मे’चा मूळ अर्थ शक्ती असणं हा होता आणि ‘कॅन’चा ठाऊक असणं, दोन्ही शब्द परवानगीच्या खात्यात नंतर बदली होऊन आले. तेव्हा त्या पोराला आत येऊ द्या. विचारायचं कसं हे आपण इतकं शिकवतो, तर उत्तर मिळाल्यावर ‘का नाही?’ असं नम्रपणे विचारायचं कसं, हेही शिकवायला हरकत नसावी.

कारण आता मुलं फक्त परवानगी मागत नाहीत, ती देतातही, आणि रोज देतात. फोनवर नवं ॲप उघडलं की चौकट येते: कॅमेरा अलाऊ करायचा? माइक? लोकेशन? कॉन्टॅक्ट्स? अँड्रॉइडवर 2015पासून ही विचारणा ॲप वापरताना, त्या त्या वेळी होऊ लागली. नंतर ‘फक्त या वेळेपुरतं’ असा पर्यायही आला. चौकट चांगल्या हेतूनं आली, पण खेळ सुरू व्हायची घाई झालेलं मूल ती वाचत नाही. बोट आपोआप ‘अलाऊ’वर जातं. आपलंही जातं. गंमत बघा, बागेत जायला आपल्याला दहादा विचारणारं मूल, आपल्या घराचं ठिकाण नि आजीचा फोन नंबर एका अनोळखी कंपनीला एका बोटानं देऊन टाकतं.

2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे, की अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची संमती घ्यावी, आणि ती खरोखर त्यांनीच दिली आहे याची खात्री करून घ्यावी. मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाईची तरतूदही त्यात आहे. कायदा आपलं काम करील, पण जन्मतारखेच्या रकान्यात खोटं वर्ष टाकायला मुलाला कोण शिकवतं, याची चौकशी कायद्यानं केली तर बरेचदा आपलंच नाव निघेल.

येत्या रविवारी एक करा. मुलाला शेजारी बसवा, फोनच्या सेटिंगमधला ‘परमिशन मॅनेजर’ उघडा आणि यादी त्याला मोठ्यांदा वाचायला सांगा, आधी तुमच्या फोनची, मग त्याच्या. प्रत्येक नावाला थांबून विचारा, या खेळाला आपला माइक कशाला हवा? या टॉर्चला आपले फोन नंबर कशाला? कारण सापडलं तर राहू द्या. नाही सापडलं तर ‘डोन्ट अलाऊ’ त्यालाच दाबू द्या.